फुरसतीची शाळा

तीस वर्षे शिक्षकी केली आणि त्यांतली शेवटची काही वर्षे मुख्याध्यापकाच्या खुर्चीत काढली, की माणसाच्या अंगात घंटा भिनते. कोणी निवांत बसलेला दिसला, तर 'याला काही काम नेमून दिलेले नाही काय?' असा प्रश्न मनात आपोआप उठतो. दर वर्षाअखेर माझ्या शिल्लक किरकोळ रजा वाया जात. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही, उलट अभिमानच वाटत आला. आळसाला शत्रू मानणाऱ्या संस्कारात वाढलेला असा मनुष्य फ्रान्समध्ये महिनाभर राहून आला, तर त्याची काय गत झाली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आमचा मुलगा ल्यों या शहरी एका संशोधन संस्थेत नोकरीस आहे. मे महिन्याच्या सुटीत मी व सौ. त्याच्याकडे गेलो. ल्यों हे रोन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले पुरातन शहर. आयफेल मनोऱ्याची व पॅरिसच्या संग्रहालयांची वर्णने अनेकांनी केली आहेत; त्यांत मी भर घालू इच्छीत नाही. एका मध्यम वस्तीच्या गल्लीत राहून तेथील माणसे दिवस कसा घालवतात, एवढेच मी पाहिले. तेच सांगतो.

पहिला धडा मिळाला तो पाव आणताना. फ्रान्समध्ये 'बुलांझरी' ही पाटी वाटेल त्या दुकानाला लावता येत नाही. पीठ मळणे, पावाला आकार देणे आणि भाजणे ही कामे जेथे त्याच जागी होतात, त्यालाच ते नाव वापरण्याची मुभा आहे. १९९८ पासून हा कायदाच आहे. 'परंपरेचा' म्हणून विकल्या जाणाऱ्या पावात कोणतेही टिकाऊ रसायन घालता येत नाही, असा शासकीय आदेश १९९३ सालचा. लांबोळक्या 'बागेत' पावाच्या कारागिरीला २०२२ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. हे सर्व मला मागाहून कळले. त्या सकाळी मी सरळ दुकानात शिरून, बोट दाखवून 'एक द्या' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य बोललो. काउंटरमागील बाई काही क्षण माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग शांतपणे म्हणाल्या, "बोंझूर, मस्य." मी पुन्हा पाव मागितला. त्यांनी पुन्हा "बोंझूर" म्हटले. तेव्हा कोठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आधी नमस्कार, मग व्यवहार! वर्गात गुरुजी आल्यावर उभे राहून नमस्ते म्हणावे, हे मी हजारो मुलांना शिकवले होते. पण वाण्याच्या दुकानात शिरताना त्यालाही नमस्कार करावा, हे मला कोणी शिकवले नव्हते.

तेथील रिवाज असा की, दुकान, दवाखाना, उद्‌वाहन, बस कोठेही जा, समोरच्याचे माणूसपण प्रथम मान्य करावयाचे. आपल्या 'तू' आणि 'आपण' यांच्यासारखाच त्यांच्याकडे 'त्यू' आणि 'वू' असा भेद आहे, आणि पाव विकणाऱ्या बाईला 'वू' हेच म्हणावयाचे असते. आपल्या माळव्यातही रिक्षावाल्याला 'आप' म्हणण्याची रीत आहे. तिची मला फार आठवण झाली.

दुसरा धडा रविवारचा. पहिल्या रविवारी दुपारी मी चपलेचा तुटलेला पट्टा शिवून घ्यावा म्हणून बाहेर पडलो, तर सारी बाजारपेठ बंद! सकाळी भाजीचा उघडा बाजार गजबजलेला होता. एक वाजता तोही आवरून, रस्ता धुऊन मोकळा झाला. मला प्रथम रागच आला. मुलाने सांगितले की, आठवड्यातून एक दिवस विश्रांती आणि ती शक्यतो रविवारीच, हा हक्क येथील नोकरदारांना १३ जुलै १९०६ च्या कायद्याने मिळाला आहे. त्याआधीची एक कथा मोठी बोधप्रद आहे. राज्यक्रांतीनंतर १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी नवे पंचांग काढले. त्यात आठवडा सात दिवसांचा न ठेवता दहा दिवसांचा केला, आणि विश्रांती दहाव्या दिवशी! गणिताच्या दृष्टीने योजना मोठी नीटनेटकी होती. पण सहा दिवसांऐवजी नऊ दिवस राबणे सामान्य जनांना मानवले नाही. पुढे नेपोलियनच्या राज्यात १ जानेवारी १८०६ पासून ते पंचांगच रद्द झाले.

मे महिना तर तेथे सुट्यांचाच महिना. एक तारखेस कामगार दिन. त्या दिवशी लोक एकमेकांना म्युगे नावाच्या पांढऱ्या, घंटेसारख्या फुलांची काडी देतात. आठ तारखेस महायुद्धसमाप्तीचा दिवस. येशूच्या स्वर्गारोहणाचा सण नेहमी गुरुवारी येतो. मग मधल्या शुक्रवारीही रजा घेऊन चार दिवस सलग करावयाचे. याला ते लोक 'पूल करणे' म्हणतात. सुटीला सुटी जोडण्याचे शास्त्र आपल्याही कचेऱ्यांना ठाऊक आहे. पण आपण ते चोरून करतो आणि ते उघडपणे करतात, एवढाच फरक.

तिसरा धडा जेवणाचा, आणि तोच मला सर्वांत अधिक लागला. आमचा नातू तेथील प्राथमिक शाळेत जातो. प्राथमिक शाळेतील मधली सुटी दीड तासाहून कमी असता कामा नये, असा तेथे नियम आहे. दीड तास! आमच्या शाळेत ती अर्ध्या तासाची, आणि त्यातही निम्मी मुले पाण्याच्या टाकीपाशी रांगेत उभी. तेथे मुले टेबलाशी बसून प्रथम कोशिंबिरीसारखे काही, मग मुख्य पदार्थ, मग चीज किंवा दही आणि शेवटी फळ, अशी क्रमाने जेवतात. नातवाने मला गंभीरपणे सांगितले, "आबा, आमच्याकडे सगळं एकदम ताटात घेत नाहीत." मी त्याला आपल्या ताटाची डावी-उजवी बाजू समजावून सांगितली, तेव्हा कोठे बरोबरी झाली.

शाळेच्या आठवड्याचीही एक गंमत आहे. झ्यूल फेरी या मंत्र्याच्या कारकिर्दीत १८८२ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व धर्मनिरपेक्ष करणारा कायदा झाला. शाळेत धर्म शिकवावयाचा नाही. पण ज्यांना घरी वा चर्चमध्ये तो शिकवावयाचा असेल, त्यांच्यासाठी रविवारखेरीज आठवड्यात आणखी एक दिवस मोकळा ठेवावयाचा, अशी त्यात तरतूद होती. प्रथम हा दिवस गुरुवार होता. १९७२ पासून बुधवार झाला. आज अनेक गावांत बुधवारी शाळा नसते, काही ठिकाणी ती अर्धा दिवसच असते. धर्मशिक्षण बऱ्याच घरांतून गेले. बुधवार मात्र राहिला, आणि तो पोहणे, संगीत, चित्रकला यांना मिळाला.

मोठ्यांचेही तेच. काम करण्याच्या जागेवरच नोकरांना जेवू देऊ नये, असे त्यांच्या श्रमसंहितेत म्हटले आहे. साथीच्या काळात, २०२१ मध्ये, हा नियम तात्पुरता शिथिल करावा लागला, तेव्हा त्याची बातमी झाली. हे ऐकून मी सौ.कडे पाहिले आणि लगेच नजर वळवली. कारण वर्षानुवर्षे मी हजेरीपट समोर ठेवून डबा संपवीत आलो आहे, आणि मधल्या सुटीत शिक्षकांना 'दोन मिनिटे' बोलावून त्यांचेही डबे अर्धवट ठेवावयास लावीत आलो आहे.

एके दिवशी मुलाने आम्हांस मोंप्लेझीर या भागात नेले. या नावाचा अर्थ 'माझा आनंद'. तेथे एका रस्त्याचे नाव 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता' असे आहे. ओग्युस्त व लुई ल्यूमिएर या बंधूंचा छायाचित्रांच्या काचा तयार करण्याचा कारखाना येथे होता. १८९५ च्या मार्चमध्ये त्यांनी आपला नवा कॅमेरा कारखान्याच्या दारासमोर उभा केला आणि सुटी होताच बाहेर पडणाऱ्या कामगारांचे चित्रण केले. दार उघडते, मोठ्या टोप्या घातलेल्या बाया, सायकल घेतलेले पुरुष, एक कुत्रा, सारे लगबगीने बाहेर येतात, पाऊण-एक मिनिटात खेळ खलास. त्या कारखान्याच्या शेडचा काही भाग आजही जपून ठेवलेला आहे. मी त्या खांबांसमोर उभा राहिलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानी आली. ज्या चित्रांनी पुढे साऱ्या जगाची फुरसत व्यापली, त्यांतील हे पहिले चित्र काम करणाऱ्या माणसांचे नव्हे, काम सुटलेल्या माणसांचे आहे!

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रां काफेच्या तळघरात ही चित्रे एकेक फ्रँक घेऊन दाखविली गेली. त्या दालनाचे नाव 'सालों अँदियँ', म्हणजे भारतीय दालन, आणि प्रेक्षक अवघे तेहतीस. पुढे सातच महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हा खेळ झाला. तो पाहून आपले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला, आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली. ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून दादासाहेब फाळक्यांना ध्यास लागला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' अवतरला. ल्योंच्या त्या दारातून बाहेर पडलेली वाट अशी आपल्या अंगणापर्यंत आली आहे.

परंतु ही फुरसत फ्रेंच माणसाला जन्मतःच मिळाली, असा कोणी समज करून घेऊ नये. ल्योंच्या उत्तरेस क्र्वा-रूस नावाची टेकडी आहे. तेथील जुन्या घरांची छते विलक्षण उंच आहेत. कारण तेथे रेशमाचे प्रचंड माग बसवावयाचे असत. महेश्वरच्या मागांचा खडखडाट ज्यांनी ऐकला आहे, त्यांना त्या खोल्यांत उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. या विणकरांना 'कान्यू' म्हणत. माग, झोप, स्वयंपाक आणि मुले सारे एकाच खोलीत. १८३१ मध्ये विणाईचा किमान दर मागत हे लोक रस्त्यावर उतरले, १८३४ मध्ये पुन्हा उतरले. दोन्ही वेळा लष्कराने त्यांना दडपले, आणि त्यात पुष्कळांचे प्राण गेले.

या वस्तीतूनच 'गिन्योल' हा लाकडी बाहुला जन्मला. लोराँ मूर्गे हा रेशमाचे काम गेलेला मनुष्य पोटासाठी बाजारात दात उपटू लागला. गिऱ्हाइकांना गोळा करण्यासाठी आणि त्यांचे दुखणे विसरविण्यासाठी तो बाहुल्यांचा खेळ करी. पुढे दात सुटले आणि खेळ राहिला. सुमारे १८०८ पासून गिन्योल ल्योंच्या बोलीत बोलतो, घरमालकाची खोड मोडतो आणि शिपायाला सोटा हाणतो. मुले आजही 'मागे बघ, मागे बघ' म्हणून ओरडतात. शब्द न कळताही आम्ही दोघे पोट धरून हसलो.

मग आले १९३६ साल. लेओं ब्लूम यांचे सरकार अधिकारावर आले आणि देशभर कामगारांनी कारखान्यांतच ठाण मांडले. त्या जून महिन्यात दोन कायदे झाले. एकाने वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा प्रत्येक कामगाराला दिली, दुसऱ्याने आठवडा चाळीस तासांचा केला. क्रीडा व फुरसत यांसाठी लेओ लाग्रांज या पस्तीस वर्षांच्या तरुणाला उपमंत्री नेमले. विरोधकांनी त्याच्या खात्याला 'आळसाचे मंत्रालय' म्हणून हिणविले. त्याने रेल्वेकडून सुटीसाठी चाळीस टक्के सवलतीचे तिकीट मिळवून दिले. आणि ज्यांनी जन्मभर गिरणीच्या भिंतीपलीकडे काही पाहिले नव्हते, अशी कुटुंबे त्या उन्हाळ्यात रेल्वेने, दोन आसनी सायकलींनी समुद्र पाहावयास निघाली. चार वर्षांनी, जून १९४० मध्ये, हा लाग्रांज जर्मन आक्रमणाशी लढताना रणांगणावर मारला गेला. आळसाच्या मंत्र्याचा शेवट असा झाला! रजेचा तिसरा आठवडा १९५६ मध्ये, चौथा १९६९ मध्ये आणि पाचवा १९८२ मध्ये मिळाला. ऑगस्टमध्ये निम्मे दुकानदार कुलूप लावून गावाला जातात, याचा मुळारंभ तेथे आहे.

त्या महिन्यात सायंकाळी नऊ वाजेपर्यंत उजेड असे. घराजवळच्या चौकात झाडांखाली वृद्ध मंडळी 'पेतांक' खेळत. लाकडी छोट्या गोळीच्या जवळात जवळ धातूचे गोळे टाकावयाचे, एवढाच खेळ. पूर्वी या जातीच्या खेळात धावत येऊन गोळा फेकावा लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी मार्सेयनजीकच्या ला सिओता गावी एका निष्णात खेळाडूला संधिवाताने धावणे अशक्य झाले. तेव्हा मित्रांनी त्याच्यासाठी नियमच बदलला, की सर्वांनी पाय एका जागी रोवून खेळावयाचे. मित्राला वगळण्यापेक्षा खेळ बदलला, आणि आज तो खेळ देशभर आहे. एका आजोबांनी मलाही गोळे दिले. माझा पहिला गोळा गटाराकडे गेला, तरी कोणी हसले नाही. ते फक्त माझ्या पुढच्या गोळ्याची वाट पाहत राहिले.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर हे चित्र खोटे ठरेल. पहाटे पाच वाजता खिडकीतून मी पाहत असे, तेव्हा कचेऱ्या झाडून घरी परतणाऱ्या स्त्रिया दिसत; त्यांतल्या बहुतेक आफ्रिकेतून आलेल्या. रात्री इतरांची जेवणे सायकलीवरून पोहोचविणारे तरुण दिसत. त्यांचे स्वतःचे जेवण कधी होत असेल कोण जाणे. उन्हाळ्यात कोठेच जाऊ न शकणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. रविवारी दुकाने उघडण्याच्या सवलती वाढत आहेत, आणि दुपारी चालता चालता पाव खाणारे नोकरदारही मी पाहिले. निवृत्तीचे वय बासष्टवरून चौसष्ट करण्याचा कायदा २०२३ मध्ये झाला, तेव्हा लाखो लोक रस्त्यावर उतरले. फुरसत तेथेही आयती राहत नाही, आणि सर्वांच्या वाट्याला सारखीही येत नाही.

आता माझ्या खऱ्या विषयाकडे येतो. आमच्या नातवाचा जन्म तेथलाच. शाळेत फ्रेंच, मित्रांशी फ्रेंच, दूरदर्शनवर फ्रेंच. याला मराठी कितपत येत असेल, ही धाकधूक मनात घेऊनच आम्ही गेलो होतो. येताना मी अंकलिपी, बाराखडीचे तक्ते, श्लोकांचे पुस्तक असे सारे साहित्य नेले होते. पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास शिकवणी घेतली. नातू आज्ञाधारकपणे बसे आणि घड्याळाकडे पाही. ती खोड कोणाची, हे सांगावयास नको.

पण रात्रीचे जेवण! आठाला सुरू झालेले जेवण साडेनऊपर्यंत चाले. सूनबाईने फ्रेंच शेजाऱ्यांकडून ही रीत उचलली आहे: टेबलावर फोन नाही, दूरदर्शन बंद, आणि सर्वांचे संपल्याशिवाय कोणी उठावयाचे नाही. त्यात घरचा नियम एकच जोडलेला, की या वेळी मराठी बोलावयाचे. वरण-भातापासून फळांपर्यंतच्या त्या दीड तासात नातू दिवसभराचे सारे मराठीत सांगे. शब्द अडला की थांबे, बाप तो पुरवी, आणि गाडी पुढे जाई. 'आबा, आज माझी फजिती झाली' हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकले, तेव्हा मी तक्ते गुंडाळून पिशवीत ठेवले. फजिती हा शब्द काही तक्त्यात नसतो. तो कोणीतरी घाई न करता सांगितलेल्या गोष्टीत असतो.

एका रात्री सौ. पाणी ओतता ओतता सहज म्हणाली, "लग्नाला एकतीस वर्षं झाली. तुम्ही इतका वेळ माझ्यासमोर जेवायला कधी बसलाच नव्हता." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले. आमचा मुलगा इंदुरात वाढला तेव्हा त्याला मराठी तिने दिली. स्वयंपाकघरात, पोळ्या लाटताना. मी त्या वेळी इतरांच्या मुलांना मराठी व्याकरण शिकवीत होतो.

मेअखेरीस 'शेजाऱ्यांचा सण' आला. १९९९ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेला हा अगदी अलीकडचा रिवाज. इमारतीतील बिऱ्हाडांनी अंगणात टेबले मांडून, प्रत्येकाने एक पदार्थ आणून एकत्र जेवावयाचे. सौ.ने इंदुरी पोहे केले. वर शेव आणि सोबत नेलेले जिरावण. पाववाल्या बाईही त्याच इमारतीत राहतात, हे तेव्हा कळले. त्यांनी पोहे खाल्ले आणि मला काही विचारले. नातवाने त्याचे मराठी केले: "आबा, त्या विचारतायत, हे लोक तुमच्याकडे कधी खातात?" मी म्हणालो, "सकाळी, उभ्या उभ्या, दुकानासमोर." त्याने ते सांगितल्यावर बाईंच्या चेहऱ्यावर जी करुणा उमटली, ती मी विसरणार नाही.

परत आल्याला आता काही महिने झाले. मधली सुटी अर्ध्या तासाचीच आहे. ती वाढविणे माझ्या हाती नाही. मात्र त्या अर्ध्या तासात मी कोणा शिक्षकाला बोलावीत नाही, आणि माझा डबा शिक्षककक्षात, सर्वांबरोबर उघडतो. पहिले दोन दिवस सारे गप्प होते. आता बोलतात. शाळेबद्दल कितीतरी गोष्टी मला तेथेच प्रथम समजल्या.

घरी रात्री आम्ही दोघेच असतो. धाकटी सून माहेरची हिंदीभाषक. ती व तिची लहानगी दर रविवारी येतात. जेवताना वर्तमानपत्र मी दूर ठेवतो. परवा त्या लहानगीने चमचा वाजवीत विचारले, "आबा, गोष्ट नाही सांगणार?" घड्याळात पावणेदहा झाले होते. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, आणि निरीक्षणही होते. मी सौ.ला आणखी थोडा भात वाढावयास सांगितला आणि गोष्टीला आरंभ केला.